पदवीनंतरचं परदेश: साध्या सुखांना आठवड्यात जागा कशी करून द्यायची

पदवी हातात पडते आणि त्याच सुमारास बऱ्याच गोष्टी हातातून सुटतात. विद्यार्थी ओळखपत्राची मुदत संपते. त्याच्यासोबत विद्यापीठाची लायब्ररी, जिम आणि सवलतीचा बसपासही जातो. होस्टेलची खोली रिकामी करावी लागते. ज्यांच्यासोबत रोजची ऊठबस होती ते चौघे चार शहरांत पांगतात, एखादा मायदेशी परततो. आपण मात्र त्याच देशात, नव्या पत्त्यावर, नोकरी शोधत किंवा नुकतीच लागलेली नोकरी टिकवत मागे उरतो.

शिकत असताना छोटे आनंद न मागता मिळायचे. लेक्चर संपलं की कुणीतरी म्हणायचं, "चल, जरा चालून येऊ." आता तसं म्हणणारं शेजारी कुणी नसतं. मग मन एक सोयीस्कर हिशोब मांडतं: नोकरी पक्की होऊ दे, व्हिसा हातात येऊ दे, हप्ते सुरळीत सुरू होऊ देत, मग निवांत जगू. या 'मग'मध्ये लोकांची तीन-तीन, चार-चार वर्षं जाताना मी पाहिली आहेत. नोकरी लागली की प्रमोशनचा 'मग' सुरू होतो, तो संपला की कायमच्या वास्तव्याचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: परदेशातल्या या वर्षांत साधी सुखं आपोआप पदरात पडत नाहीत. त्यांना आठवड्यात ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यावी लागते. दर शनिवारी नवं काहीतरी शोधत फिरण्यापेक्षा तीच गोष्ट, त्याच ठिकाणी, पुन्हा पुन्हा केली तर ती जास्त मुरते. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. ज्यांना या महिन्याचं भाडंच कसं भरायचं हा प्रश्न आहे त्यांनी आधी तो सोडवावा. त्या अवस्थेत बागेत जाऊन बसण्याचा सल्ला देणं शहाणपणाचं नाही.

पायरी १: कागदपत्रांची काळजी एका संध्याकाळी कोंडा

साध्या सुखाच्या आड सगळ्यात जास्त काय येत असेल तर अर्धवट काळजी. आपण बागेत बसलेलो असतो आणि डोक्यात दिवस मोजणं चालू असतं. ते मोजणं खोटंही नसतं. अमेरिकेत पदवीनंतरचं ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, १२ महिन्यांचं असतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना त्यावर २४ महिन्यांची वाढ मिळू शकते, आणि सुरुवातीच्या टप्प्यात नोकरीशिवायचे एकूण ९० दिवसच चालतात. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. कॅनडात अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार जास्तीत जास्त ३ वर्षं. असं घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना "अरे, टेन्शन घेऊ नकोस" म्हणणाऱ्याचा रागच येतो.

म्हणून काळजी सोडायचा प्रयत्न करू नका, तिला वेळ नेमून द्या. एका कागदावर चार तारखा मोठ्या अक्षरांत लिहा: सध्याचा परवाना कधी संपतो, पुढचा अर्ज कधीपासून करता येतो, पासपोर्टची मुदत, आणि घर सोडायचं तर नोटीस कधीपर्यंत द्यायची. कागद कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवा. भिंतीवर लावू नका, नाहीतर जेवताना तोच दिसत राहतो. मग आठवड्यातली एक संध्याकाळ या कामांची ठरवा, समजा बुधवारी साडेसहा ते आठ. फॉर्म, ईमेल, बँक, विमा, वकिलाला विचारायचे प्रश्न, सगळं त्यात. इतर वेळी एखादी शंका डोक्यात आली तर फोनमध्ये एक ओळ टिपायची आणि ती बुधवारवर ढकलायची.

हा उपाय घरगुती वाटला तरी त्याला आधार आहे. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अतिकाळजी करणाऱ्यांसाठी हीच पद्धत तपासली होती: रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी फक्त काळजी करायची, बाकी वेळी आलेली काळजी त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायची. ज्यांनी हे केलं त्यांची दिवसभरातली काळजी कमी झाली.

अजून नोकरी शोधत असाल तर शोधालाही कामाचे तास लावा. सकाळी नऊ ते दुपारी तीन अर्ज, त्यानंतर लॅपटॉप बंद. रात्री साडेअकराला घाईघाईने टाकलेल्या अर्जांत कंपनीचं नावसुद्धा चुकीचं जातं. तेवढ्यासाठी संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

पायरी २: सात दिवस नुसती नोंद

या आठवड्यात काहीही बदलू नका. झोपण्याआधी दोनच ओळी लिहा: आज मी स्वतःहून कुठे रेंगाळलो, किंवा रेंगाळले?

लोक इथे हटकून गडबड करतात. बायोडेटातल्या छंदांच्या रकान्यासारखं 'संगीत, निसर्ग, वाचन' असं लिहून मोकळे होतात. त्याचा काही उपयोग नाही. नोंद या मापाची हवी: "दुमजली बसमध्ये वर, पुढची सीट मिळाली." "ऑफिसच्या जिन्यात सव्वातीनला ऊन येतं, तिथे दोन मिनिटं थांबलो." "समोरच्या खिडकीतलं मांजर आज पडद्यामागून बघत होतं." "सायकलची चेन स्वतः साफ केली, हात काळे झाले, मजा आली."

सात दिवसांनी चौदा-पंधरा ओळी जमतात आणि त्यांतून काहीतरी दिसू लागतं. कुणाच्या सगळ्या चांगल्या ओळी सकाळी दहाच्या आतल्या असतात. कुणाच्या हाताने काहीतरी करतानाच्या. कुणाच्या ओळींत प्रत्येक वेळी दुसरं माणूस असतं, मग तो लिफ्टमधला शेजारी का असेना. हा कल ओळखा आणि त्याला धरून दोनच गोष्टी निवडा. पाच निवडल्या की त्यांचं टाइमटेबल होतं आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच बारगळतं.

पायरी ३: घराभोवती पंधरा मिनिटांचं वर्तुळ

नकाशा उघडा आणि घरापासून पंधरा मिनिटं चालत गेलं तर काय काय लागतं ते बघा. आपण परदेशात असतो तेव्हा डोक्यात त्या देशातली प्रसिद्ध ठिकाणं असतात, आणि राहत्या गल्लीच्या मागे काय आहे ते माहीत नसतं. तीन-चार संध्याकाळी वेगवेगळ्या दिशांना चाला. इअरफोन घरी ठेवा. यातून दोन जागा हेरायच्या आहेत: एक उघड्यावरची, एक छपराखालची.

उघड्यावरची जागा म्हणजे बसायचं एक बाकडं. ते निवडताना जरा चोखंदळ व्हा. पाठ टेकायला हवी. बाजूने माणसं जात-येत असावीत, पण अंगावरून जाऊ नयेत. समोर काहीतरी हलणारं असावं: पाणी, झाडं, खेळणारी मुलं, ट्रामचा फाटा. तुम्ही मोकळे असता त्या वेळी तिथे ऊन येतं का हेही बघा. सकाळी सुंदर दिसणारं बाकडं संध्याकाळी सहाला इमारतीच्या सावलीत गारठलेलं असू शकतं. एकदा ठरलं की आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं तिथेच बसा. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखं होतं, हात आपोआप फोनकडे जातो. नंतर डोळे काम करू लागतात. कुत्रा घेऊन येणारे गृहस्थ ठरलेल्या वेळी येतात हे कळतं. कुठल्या झाडाची पानं आधी पिवळी पडतात ते कळतं. जी जागा चार आठवडे पाहिली तिच्यातला बदल दिसतो. एकदाच पाहिलेल्या जागेचा फक्त फोटो उरतो.

मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून एक निष्कर्ष मांडला: जे आठवड्यात किमान १२० मिनिटं झाडापाण्यात घालवतात ते स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ही मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यांत, याने फारसा फरक पडत नव्हता. मुळात ठणठणीत माणसंच जास्त बाहेर पडत असतील, असंही असू शकतं, म्हणून या आकड्याला औषधाचा डोस समजू नका. पण आठवड्याला दोन तास हे माप हाताशी ठेवायला सोपं आहे.

बाहेर कुठवर जाता येतं याचे नियम देशागणिक निराळे असतात. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कुणालाही हिंडायची मुभा आहे, मग जमीन कुणाचीही असो. स्वीडन आणि फिनलंडमध्येही हा हक्क आहे, स्कॉटलंडने २००३ मध्ये तो कायद्यात आणला. पिकाचं शेत आणि घराचं आवार यांत अर्थातच शिरायचं नसतं. इतर अनेक देशांत कुंपणापलीकडची टेकडी खासगी असते आणि तिथे शिरणं महागात पडू शकतं. फाटकावरची पाटी वाचून मगच पुढे जा.

छपराखालची जागा म्हणून मी सार्वजनिक लायब्ररी सुचवेन. विद्यापीठाची लायब्ररी गेल्यावर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही की शहराचीही असते. पत्त्याचा पुरावा दाखवला की बहुतेक ठिकाणी कार्ड मिळतं, अनेकदा फुकट. शनिवारी सकाळी उघडायच्या वेळेला जा. दारापाशी आधीच दोन-तीन म्हातारी माणसं वर्तमानपत्रासाठी थांबलेली असतात. आत मुलांच्या विभागात कुणीतरी आवाज बदलून गोष्ट वाचत असतं आणि एखादं पोर सतरंजीवर उताणं पडून ऐकत असतं. परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी एका कडेला उभी असते. आधी तिच्याकडे वळा. कपाटात काय आहे हे ग्रंथपालाने ठरवलेलं असतं, गाडीवर मात्र या वस्तीतल्या लोकांनी गेल्या आठवड्यात खरोखर वाचलेलं असतं: बागकाम, पाठदुखी, रहस्यकथा, मोटार दुरुस्ती. तिथली भाषा अजून कच्ची असेल तर मुलांच्या विभागातली चित्रांची पुस्तकं बिनधास्त घरी न्या. कुणी हसत नाही. काही लायब्रऱ्या पुस्तकांच्या पलीकडे गेल्या आहेत. हेलसिंकीत डिसेंबर २०१८ मध्ये उघडलेल्या 'ऊडी' या मध्यवर्ती लायब्ररीत शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटरही वापरायला मिळतात. तुमच्या शहरात काय मिळतं ते काउंटरवर विचारा. हत्यारं, बोर्डगेम, वाद्यं, काहीही निघू शकतं.

पायरी ४: उजेडाचं वेळापत्रक समजून घ्या

ही पायरी लोक टाळतात आणि नोव्हेंबरात पस्तावतात. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा असतो, त्यामुळे 'संध्याकाळी बघू' हे चालून जातं. लंडनला जूनच्या अखेरीस दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरात आठ तासांहूनही थोडा कमी. हेलसिंकीत डिसेंबरात सहा तासही भरत नाहीत. अशा ठिकाणी कामावरून सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि संध्याकाळचं ठरवलेलं सगळं मोडतं.

म्हणून हिवाळ्यात आपली सुखाची वेळ दुपारी हलवा. जेवणाच्या सुटीतली वीस मिनिटं बाहेर चाला, ढग असले तरी. ऑफिसच्या दिव्यांखाली साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट असतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, शरीराला जाणवतो. उन्हाळ्यात उलट करा: रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवण आटोपून बाहेर पडा. जाड पडदे मात्र आधी लावून घ्या, नाहीतर पहाटे चारला जाग येते.

कपड्यांवर एकदा नीट खर्च करा. थंडीचा बराचसा तिटकारा हा ओल्या मोज्यांचा तिटकारा असतो.

दक्षिण गोलार्धात गेला असाल तर तुमच्यासाठी एक फुकटचा खेळ वाट बघतोय. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो. रात्री मृग नक्षत्र शोधा: लहानपणापासून ओळखीचं ते चित्र डोकं खाली, पाय वर असं उभं असतं. चंद्रावरचे डागही उलटे दिसतात. आकाश तेच, आपणच उलट्या बाजूने बघतोय, हे पुस्तकातून माहीत असतं, पण गच्चीत उभं राहून मान वाकडी करून पाहण्यात वेगळी गंमत आहे.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगतो. उजेड कमी झाल्यावर दरवर्षी येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, तेव्हापासून त्यावर उपचार होतात. सलग दोन आठवडे झोप, भूक, काम यांतलं काही ताळ्यावर नसेल, कशातच मन लागत नसेल, तर बाकड्यावर बसून भागणार नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या. विमा आहे तो त्यासाठीच.

पायरी ५: माणसं, आणि त्यांना लागणारे तास

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. त्यांनी नव्या गावी आलेल्या लोकांना आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं की ओळखीतून मैत्री व्हायला किती वेळ लागला. उत्तर साधारण असं आलं: जुजबी मैत्रीला ५० तास, खऱ्या मैत्रीला ९०, जिवलग व्हायला २०० किंवा जास्त. आणि नुसतं शेजारच्या टेबलावर काम केलेले तास त्यात फारसे धरले जात नाहीत. सोबत घालवलेला मोकळा वेळ मोजला जातो.

आता आपला हिशोब करा. होस्टेलला असताना ५० तास दोन आठवड्यांत भरत. नोकरी लागल्यावर एखाद्याला आठवड्यातून दोन तास भेटलात तर तेच ५० तास भरायला सहा महिने लागतात. "इथे कुणाशी जमतच नाही" असं दुसऱ्या महिन्यात म्हणणारे लोक बहुतेक वेळा दहा-बारा तासांवर असतात. दोष त्यांचा नाही आणि त्या देशातल्या माणसांचाही नाही, अजून तास भरलेले नाहीत.

यावरून काय करायचं ते सरळ निघतं. एकेकदाच होणाऱ्या मेळाव्यांना जाणं कमी करा. तिथे दर वेळी नवीन तीस चेहरे आणि तेच चार प्रश्न असतात: नाव काय, कुठून आलात, काय करता, किती वर्षं झाली. त्याऐवजी जिथे तीच माणसं दर आठवड्याला येतात असं काही निवडा: गायनवृंद, मातीकामाचा वर्ग, बॅडमिंटनचा ग्रुप, सामुदायिक बाग, भाषेचा वर्ग. धावणं आवडत असेल तर 'पार्करन' बघा. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालेला हा उपक्रम आता वीसहून अधिक देशांत चालतो. बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी, ५ किलोमीटर, फुकट. एकदाच नाव नोंदवायचं. चाललं तरी चालतं, आणि धावायचंच नसेल तर घड्याळ धरून उभं राहणारे, शेवटच्या माणसाबरोबर चालणारे स्वयंसेवक लागतातच. लाजाळू माणसाला हे काम फार सोयीचं: हातात काहीतरी असतं आणि बोलायला कारण असतं.

दुसरा प्रकार आणखी सोपा: तोंडओळखीची माणसं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते. पण अशा ओळखींचा उपयोग नोकरीपुरताच नाही. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांना २०१४ मध्ये आढळलं की कॉफीच्या काउंटरवर पैसे देऊन झटपट निघणाऱ्यांपेक्षा, तिथल्या माणसाकडे बघून, हसून दोन शब्द बोलणाऱ्यांना नंतर जास्त बरं वाटत होतं. त्यासाठी एक छोटी युक्ती: एकाच काउंटरवर, एकाच वेळी जात राहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला समोरून "नेहमीचंच ना?" असं येतं. परक्या गावात या एका प्रश्नाचं मोल काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

तिथली भाषा वेगळी असेल तर व्याकरण नंतर करा, आधी वीस वाक्यं पाठ करा: हवेबद्दल तीन, कुत्र्याबद्दल दोन, "मदत करू का?", "हे इथे कसं करतात?", "तुमचा आठवडा कसा गेला?" आणि "माझं थोडं चुकेल, पण बोलू द्या." कुत्र्याबद्दलची दोन सगळ्यात आधी. कुत्र्याची चौकशी केली की मालक कधी तुटक उत्तर देत नाही.

फ्लॅटमधल्या लोकांशी मैत्री व्हायलाच हवी असं नाही. पण आठवड्यातून एक वेळ एकत्र जेवायचं ठरवता आलं तर ठरवा. दर वेळी एकाने रांधायचं, बाकीच्यांनी भांडी. पन्नास तासांच्या खात्यात भर पडते आणि फ्रिजमधल्या कप्प्यांवरून होणारी धुसफुसही कमी होते.

पायरी ६: घरचा फोन आणि हातातला फोन

घरच्यांशी बोलणं हे सुख असायला हवं, पण होतं असं की दिवसभर तुटक मेसेज चालू राहतात आणि रविवारच्या फोनवर बोलायला काही उरत नाही. "सगळं ठीक ना?" "हो, ठीक." "जेवलास?" "हो." संपला फोन.

दोन गोष्टी करून बघा. एक, फोनची वेळ ठरवा आणि तो चालता चालता करा, ठरलेल्या रस्त्यावर. घरच्यांना त्या रस्त्याची माहिती होते, मागून येणारा ट्रामचा आवाज ओळखीचा होतो. दोन, मोठ्या बातमीची वाट न बघता पायरी २ मधली एक ओळ सांगा. जिन्यातलं ऊन, खिडकीतलं मांजर. पुढच्या आठवड्यात आईच विचारते, "मांजर दिसलं का रे?" घड्याळ बदलणाऱ्या देशात असाल तर तारखा लक्षात ठेवा: युरोपीय संघात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. त्या आठवड्यात घरच्या फोनची वेळ एका तासाने सरकते आणि कुणीतरी काळजी करत बसतं.

फोटोंबद्दल माझं मत जरा जुनाट आहे, पण त्याला आधार आहे. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये लोकांना संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचा फोटो काढला त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मजा अशी की एखाद्या भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांचं असं नुकसान झालं नाही, कारण झूम करायला नीट बघावं लागतं. म्हणून फोटो काढायचाच तर एकच काढा, आणि तो जवळून.

पैशाचं थोडक्यात

महिन्याच्या खर्चात 'विरंगुळा' अशी छोटी ओळ ठेवा आणि ती पूर्ण खर्च करा. उरवली तर पुढच्या महिन्यात ती आपोआप शून्य होते. फुकट काय आहे ते आधी शोधा. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे विभाग २००१ पासून सगळ्यांना मोफत आहेत, वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची संग्रहालयंही. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत २६ वर्षांखालच्या, युरोपीय संघात राहणाऱ्यांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं त्यासाठी सोन्यासारखी. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सगळी सार्वजनिक वाहतूक मोफत आहे. मोफत संग्रहालयाचा खरा फायदा हा की तिथे अर्धा तास जाऊन एकच चित्र बघून परत येता येतं. तिकीट काढलं की पैसे वसूल करायच्या नादात आपण पायांचे तुकडे पाडतो.

पायरी ७: रंग उडाला तर, आणि टोचणी लागली तर

तीन महिन्यांनी बाकडं कंटाळवाणं वाटू लागलं तर घाबरू नका. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की चांगल्या गोष्टीचीही सवय होते आणि मन पुन्हा आपल्या पातळीवर येतं. लगेच नवं बाकडं शोधायची गरज नाही. जॉर्डी क्वाइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये काही लोकांना आठवडाभर चॉकलेट बंद करायला सांगितलं. आठवड्यानंतर त्यांना ते इतरांपेक्षा जास्त आवडलं. तेव्हा पंधरा दिवस तिकडे फिरकूच नका. परत गेल्यावर झाडाने कूस बदललेली असते.

टोचणीचं मात्र वेगळं आहे. "घरी लोक राबतायत, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, आणि मी इथे ऊन खात बसलोय." हा विचार आपल्यातल्या बहुतेकांना येतो आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या वीस मिनिटांत कर्जाचा एक रुपयाही फिटणार नव्हता ती वीस मिनिटं कुणाचं देणं लागत नाहीत. तरी टोचत असेल तर पायरी १ च्या कागदावर पाचवी ओळ लिहा: दर महिन्याला किती फेडायचं. ती रक्कम पगाराच्या दिवशीच आपोआप जाईल अशी सोय करा. त्या महिन्याची फेड झालेली असताना बाकड्यावर बसलं की टोचणीला धरायला जागा उरत नाही. आणि घरच्यांना विचारून बघा. तुम्ही संध्याकाळभर खोलीत कुढत बसलेलं त्यांना आवडेल, की तळ्याकाठी?

शहर बदलावं लागलं तर

पहिल्या काही वर्षांत हे एकदा तरी होतंच, कारण नोकरी जिथे नेईल तिथे जावं लागतं. जुन्या गावातून निघताना लायब्ररीची पुस्तकं परत करा, गायनवृंदाला किंवा ग्रुपला दोन आठवडे आधी कळवा, आणि काउंटरवरच्या माणसालाही सांगून निघा. पुढे कधी त्या गावी गेलात तर ओळख दाखवायला तोंड राहतं. नव्या गावात पत्त्याची नोंदणी झाली की फर्निचरच्या आधी लायब्ररीचं कार्ड काढा, कारण रिकाम्या खोलीत पहिल्याच शनिवारी जायला जागा लागते. त्याच आठवड्यात पंधरा मिनिटांचं वर्तुळ चालून टाका आणि आठवडी भेटीची एकच गोष्ट निवडून नाव नोंदवा. सात दिवसांची नोंद मात्र सामान लागेपर्यंत थांबवली तरी चालेल. खोकी उघडायच्या दिवसांत माणूस फक्त कात्रीपाशी रेंगाळतो.